तोफगोळ्याची वाट सांगणारे गॅलिलिओ; टेबलावरच्या प्रयोगामागचं गणित छापून यायला लागली तीस वर्षं

तोफेतून सुटलेला गोळा आधी सरळ जातो, जोर संपला की खाली पडतो, असं युरोपात शेकडो वर्षं मानलं जायचं. जुन्या चित्रांतही तसंच दिसतं. एक तिरपी सरळ रेघ, थोडा बाक, आणि मग थेट खाली. गोळ्याची खरी वाट गणितानं दाखवून दिली इटलीच्या गॅलिलिओ गॅलिली यांनी. दुर्बिणीमुळं त्यांचं नाव सगळ्यांना माहीत झालं. पण अकरावी सायन्सच्या पोरांना घाम फोडणारी प्रक्षेप्य गतीची गणितंही त्यांच्याच कागदांतून निघालेली आहेत.

गॅलिलिओंचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी पिसा शहरात झाला. वडील वाद्य वाजवून आणि संगीत शिकवून घर चालवायचे, पैसा बेताचाच. पोरानं डॉक्टर व्हावं म्हणून १५८१ मध्ये विद्यापीठात नाव घातलं, पण मन रमलं गणितात. चार वर्षांनी पदवी न घेताच ते बाहेर पडले. १५८९ मध्ये त्याच विद्यापीठात गणित शिकवायची नोकरी लागली, तीही तुटपुंज्या पगाराची. १५९१ मध्ये वडील वारले आणि बहिणींच्या हुंड्याचा बोजा थोरल्या मुलावर आला. हुंडा तिकडंही होता! १५९२ मध्ये ते पादुआच्या विद्यापीठात गेले. पगार तरी पुरायचा नाही. मग शिकवण्या घेतल्या, घरात विद्यार्थी भाड्यानं ठेवले, तोफवाल्यांना लागणारं हिशोबाचं उपकरण बनवून विकलं.

पादुआतच १६०८ च्या सुमारास त्यांनी तो प्रयोग केला. टेबलावर एक उतरती पट्टी बसवली. तिच्यावरून गोळी घरंगळत यायची, टेबलाच्या कडेला आडवी सुटायची आणि जमिनीवर पडायची. ती किती लांब पडली, ते मोजायचं. मग पट्टीवर आणखी वरून सोडायची, म्हणजे वेग वाढतो, आणि पुन्हा मोजायचं. त्यांच्या मापानं १,००० उंचीवरून सोडलेली गोळी हिशोबाप्रमाणं १,४६० वर पडायला हवी होती, प्रत्यक्षात पडली १,५०० वर. हे आकडे त्यांच्या हस्तलिखितात आजही आहेत.

या सगळ्याच्या मागं असलेली युक्ती सोपी आहे. सुटलेल्या गोळीची गती एक नाही, दोन समजायच्या. आडवी गती तशीच राहते, कारण आडवं ओढणारं कुणी नाही. उभी गती मात्र वाढत जाते, कारण जमीन ओढते. पडायला वेळ दुप्पट मिळाला तर पडण्याचं अंतर चौपट होतं. या दोन्ही एकत्र आल्या की जी वाकडी वाट होते तिला पॅराबोला म्हणतात, मराठीत अन्वस्त.

एक गणित करून बघा. टेबल ८० सेंटिमीटर उंच आहे आणि गोळी सेकंदाला २ मीटर वेगानं आडवी सुटली. आधी फक्त खाली पडणं बघायचं. गुरुत्वाचा आकडा १० धरला तर ०.८ = ५ × वेळेचा वर्ग, म्हणजे वेळ ०.४ सेकंद. आता फक्त आडवं बघायचं. २ गुणिले ०.४, म्हणजे गोळी ८० सेंटिमीटर लांब पडेल. वेग सेकंदाला ४ मीटर केला तर १ मीटर ६० सेंटिमीटर. पण वेळ तोच, ०.४ सेकंद. नुसती हातातून सोडलेली गोळी आणि जोरात आडवी सुटलेली गोळी एकाच उंचीवरून निघाल्या तर एकदमच जमिनीला टेकतात. बहुतेक पोरं चुकतात ती इथंच. आडवा वेग पडण्याच्या गणितात घालतात.

एवढं हाती असताना काम छापायचं राहिलं. १६०९ मध्ये गॅलिलिओंनी दुर्बीण आभाळाकडं वळवली आणि पुढची वीस-बावीस वर्षं चंद्र, गुरूचे उपग्रह, आणि पृथ्वी फिरते की सूर्य, या वादात गेली. १६३३ मध्ये रोमला धर्मसत्तेनं खटला चालवला. पृथ्वी फिरते हे मत त्यांना गुडघे टेकून मागं घ्यावं लागलं. शिक्षा म्हणून कायमची नजरकैद झाली आणि पुस्तक छापायलाही मनाई. फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री गावात ते राहू लागले. जवळच्याच मठात त्यांची मोठी मुलगी जोगीण होती, वडिलांचा सगळा आधार तीच. १६३४ मध्ये तीही गेली, वय अवघं तेहेतीस.

सत्तरीतल्या, एकट्या पडलेल्या माणसानं मग ते जुने कागद पुन्हा बाहेर काढले. पुस्तक लिहिलं ते तीन माणसांच्या चार दिवसांच्या गप्पांसारखं. चौथा दिवस सगळा तोफगोळ्यांचा. ४५ अंशांवर गोळा सगळ्यांत लांब जातो हे तोफवाल्यांना अनुभवानं ठाऊक होतं, पण का, ते गॅलिलिओंनी सिद्ध केलं. शिवाय ४० अंश आणि ५० अंश, किंवा ३० आणि ६०, या जोड्यांत गोळा सारखाच लांब पडतो हेही दाखवलं. कोनाप्रमाणं अंतराचे तक्ते दिले. हवेमुळं खऱ्या तोफेत फरक पडतो, हेही त्यांनी लपवलं नाही.

इटलीत छापणं शक्य नव्हतं. हस्तलिखित देशाबाहेर गेलं आणि १६३८ मध्ये हॉलंडच्या लायडन शहरात पुस्तक निघालं. छापील प्रत हातात आली तेव्हा गॅलिलिओंचे दोन्ही डोळे गेले होते.

८ जानेवारी १६४२ रोजी आर्चेत्रीतच त्यांचं निधन झालं. शेवटचे तीन महिने टोरिचेल्ली नावाचा तरुण गणिती त्यांच्या घरी राहून मदत करत होता. तोफगोळ्याचं उरलेलं गणित त्यानं पुढं नेलं आणि १६४४ मध्ये छापलं.