वारा, समुद्र आणि जॉन स्मीटन

सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांचं भांडण हॉस्टेलच्या स्थापनेपासून चालू आहे. खरं इंजिनिअरिंग कोणाचं? समुद्रात उभ्या राहणाऱ्या पवनचक्क्यांवरून ते आणखी रंगू शकतं. पाती आणि गिअरबॉक्स मेकॅनिकलचे, जनरेटर आणि केबल इलेक्ट्रिकलची, आणि तळात ठोकलेला तो अवाढव्य खांब सिव्हिलचा! गंमत म्हणजे वाऱ्याची चक्की आणि खवळलेल्या समुद्रातलं बांधकाम या दोन्ही गोष्टींवर एकाच माणसाने हात टाकला होता, आणि दोन्हींचा निकाल एकाच वर्षी लावला होता. वर्ष १७५९, माणूस जॉन स्मीटन.

स्मीटनचा जन्म ८ जून १७२४ चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात, लीड्सजवळच्या ऑस्थॉर्पचा. वडील वकील. मुलानेही वकील व्हावं म्हणून त्याला लंडनला धाडलं. (ही गोष्ट कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते ना?) पोराचं लक्ष मात्र लेथ आणि हत्यारांत. शेवटी वडिलांनी हट्ट सोडला आणि स्मीटन शास्त्रीय उपकरणं बनवण्याच्या धंद्यात शिरला. १७५३ मध्ये, तिशीही उलटली नव्हती तेव्हा, तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

त्या काळी पवनचक्की बांधायची म्हणजे बापाने केली तशी मुलाने करायची. पात्याला पीळ किती द्यायचा, क्षेत्रफळ किती ठेवायचं, सगळा अंदाजपंचे कारभार. स्मीटनला मोजायचं होतं. पण विंड टनेल नावाची चीजच तेव्हा नव्हती आणि बाहेरचा वारा काही आपल्या सोयीने वाहत नाही. मग याने वारा स्थिर धरला आणि चक्कीच फिरवली! एक उभा दांडा, त्याला आडवा लांब हात, हाताच्या टोकाला छोटी चक्की. दांड्याला गुंडाळलेली दोरी ओढली की हात गोल फिरायचा आणि समोरून वारा लागल्यासारखी पाती चालायची. चक्की किती वजन उचलते ते मोजायचं. बस्स. फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये मॅनोमीटर बिघडला म्हणून रीडिंग शेजारच्या बॅचचं उतरवणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावं.

यातून त्याला दिसलं की चक्कीची जास्तीत जास्त ताकद वाऱ्याच्या वेगाच्या जवळपास घनाने वाढते. हे कळलं की लोक एवढा खर्च करून समुद्रात का जातात तेही कळतं. जमिनीवर सेकंदाला ८ मीटर वारा असेल आणि समुद्रात १०, तर फरक नुसता दोनाचा वाटतो. पण आठाचा घन ५१२ आणि दहाचा १०००. म्हणजे जवळजवळ दुप्पट! या कामाबद्दल, आणि सोबतच्या पाणचक्कीवरच्या प्रयोगांबद्दल, त्याला १७५९ चं कॉप्ली पदक मिळालं. वाऱ्याच्या दाबाचा त्याच्या नावाने चालणारा गुणांक मात्र बराच फुगलेला निघाला. राइट बंधूंचं ग्लायडर हिशेबाप्रमाणे उचलेना तेव्हा त्यांनी तो स्वतः मोजून दुरुस्त केला. त्यात स्मीटनचा दोष थोडाच, कारण मुळात ते कोष्टक त्याच्या एका परिचिताचं होतं.

आता दुसरी बाजू. प्लिमथपासून सुमारे २२ किलोमीटरवर भर समुद्रात एडिस्टोन नावाचा खडक आहे. भरतीला जवळपास बुडणारा, जहाजांचा काळ. त्यावरचा पहिला दीपस्तंभ १७०३ च्या वादळात बांधणाऱ्यासकट नाहीसा झाला. दुसरा लाकडी, तो डिसेंबर १७५५ मध्ये जळाला. त्या आगीत ९४ वर्षांच्या राखणदाराच्या घशात वितळलेलं शिसं गेलं आणि बाराव्या दिवशी तो वारला. तिसऱ्यासाठी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांनी नाव सुचवलं ते स्मीटनचं. वय ३१, आणि समुद्रातल्या बांधकामाचा अनुभव शून्य!

त्याने दगडाचा मनोरा ठरवला, ओकच्या झाडासारखा बुंध्याशी रुंद आणि वर निमुळता. उतरत्या खडकात पायऱ्या खोदल्या. दगड नुसते एकावर एक रचले नाहीत, तर सुताराच्या खाचेसारखे एकमेकांत आणि खडकात अडकवले. बाहेरून ग्रॅनाइट, आतून पोर्टलँडचा दगड. प्रत्येक थर आधी प्लिमथच्या यार्डात जुळवून बघायचा आणि मगच होडीत चढवायचा. कारण खडकावर काम करायला ओहोटीचे मोजके तास, तेही समुद्राची मर्जी असेल तर. येण्याजाण्यात वेळ जाऊ नये म्हणून कामगारांना राहायला एक जहाज जवळच नांगरून ठेवलं होतं. वर युद्ध चालू. नौदलवाले रस्त्यात दिसेल त्याला पकडून न्यायचे, म्हणून कामगारांना ओळख पटवायला खास पदकं द्यावी लागली. आपल्या कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटच्या पुस्तकात ही अडचण नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न चुन्याचा होता. लाट येऊन धुऊन नेण्याच्या आत घट्ट होईल असा चुना आणायचा कुठून? स्मीटनने ठिकठिकाणचे चुनखडक आम्लात विरघळवून पाहिले. ज्यांच्या तळाशी चिकणमाती उरते, त्यांचाच चुना पाण्याखाली आवळतो, हे त्याने शोधलं. मग वेल्समधला चुना आणि इटलीची ज्वालामुखीची राख वापरून काम झालं. पुढे १८२४ मध्ये लीड्सच्याच जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं, त्या वाटेवरचा हा मोठा टप्पा. १६ ऑक्टोबर १७५९ ला २४ मेणबत्त्यांचा दिवा लागला.

आजच्या साइटवर गेलात तर स्मीटनला ओळखीचं वाटेल असं बरंच सापडेल. समुद्रातला पहिला विंड फार्म डेन्मार्कने १९९१ मध्ये विंडेबीला उभारला. ४५० किलोवॅटची ११ यंत्रं, आणि २०१७ मध्ये ती उतरवलीसुद्धा. आता एकेक यंत्र त्याच्या कितीतरी पट मोठं झालंय. पण काम अजूनही लाटा आणि वारा परवानगी देतील तेवढ्याच वेळात उरकायचं, जास्तीत जास्त जोडणी बंदरावर करून न्यायची आणि माणसांना जहाजावर ठेवायचं. चुन्याचा प्रश्नही सुटला असं समजू नका. तळातला खांब आणि त्यावरचा जोडतुकडा यांच्या फटीत ग्राउट भरतात. २००९-१० च्या सुमारास युरोपातल्या अनेक ठिकाणी ते ग्राउट सुटून वरचा तुकडा खाली सरकताना आढळला. डिझाइनचे नियम बदलावे लागले.

आणि तळ पोखरला जाणं! वाहतं पाणी खांबाभोवती भोवरे करतं आणि वाळू उपसून नेतं, म्हणून हल्ली पायथ्याशी दगडांची भर घालतात. यात स्मीटननेही मार खाल्ला. टाइन नदीवरचा त्याचा हेक्सॅमचा पूल १७८२ च्या पुरात वाहून गेला, कारण पायाखालची रेतीच निघून गेली. हे अपयश त्याच्या मनाला फार लागलं.

कालवे, बंदरं, पूल, न्यूकॅसलची पाच पात्यांची पवनचक्की, अशी कामं तो शेवटपर्यंत करत राहिला. लष्करी इंजिनिअरांहून वेगळा म्हणून स्वतःला सिव्हिल इंजिनिअर म्हणवून घेणारा तो पहिला, आणि १७७१ मध्ये या लोकांची संघटनाही त्याच्या पुढाकाराने निघाली. एडिस्टोनचा वृत्तांत १७९१ मध्ये छापून झाला. पुढच्याच वर्षी, २८ ऑक्टोबरला, ऑस्थॉर्पला तो वारला. वाऱ्याचा अभ्यास आणि समुद्रातला पाया हे दोन्ही एका जागी आणायचं त्याच्या काळात कोणाला सुचण्याचं कारणच नव्हतं. ते आता त्याच्याच यॉर्कशायरच्या किनाऱ्यासमोर, शंभराहून जास्त किलोमीटर आत, हॉर्नसी आणि डॉगर बँकच्या विंड फार्ममध्ये एकत्र आलंय.

एडिस्टोनचा मनोरा सव्वाशे वर्षांच्या आसपास टिकला. मग मोठ्या लाटेसरशी तो हलायला लागला. मनोरा धड होता, खालचा खडकच झिजला होता! १८८२ मध्ये शेजारी नवा दीपस्तंभ लागला. जुन्याचा वरचा भाग दगड दगड सुटा करून प्लिमथच्या किनाऱ्यावर पुन्हा उभा केला. बुंधा मात्र निघेना. तो आजही त्या खडकावर तसाच आहे.