किड ओरी
एडवर्ड 'किड' ओरी (२५ डिसेंबर, १८८६ – २३ जानेवारी, १९७३) हे अमेरिकन जाझ ट्रॉम्बोनवादक व वाद्यवृंदप्रमुख होते. कॉर्नेटच्या धुनेखाली मींडेसारखे ओढलेले स्वर भरणे ही त्यांची खासियत. न्यू ऑर्लिन्समधील त्यांच्या वृंदात आधी किंग ऑलिव्हर व नंतर तरुण लुई आर्मस्ट्राँग कॉर्नेट वाजवीत. पुढे १९२५ मध्ये शिकागोत ओरी आर्मस्ट्राँग यांच्याच 'हॉट फाइव्ह'मध्ये दाखल झाले. हाताखालचा वादक आता प्रमुख होता. त्यांची 'मस्क्रॅट रॅम्बल' ही प्रसिद्ध रचना याच काळातील. महामंदीत कामे आटल्यावर त्यांनी वादन सोडले आणि लॉस एंजेलसमध्ये चक्क कोंबड्या पाळल्या. वयाची ५७ वर्षे उलटल्यावर, १९४४ मध्ये, ऑर्सन वेल्स यांच्या रेडिओ कार्यक्रमाने त्यांना पुन्हा श्रोते मिळवून दिले. त्यानंतर त्यांनी सुमारे दोन दशके वाद्यवृंद चालविला. होनोलुलू येथे त्यांचे निधन झाले.