नाशिकपासून साराजेव्होपर्यंत गाजलेलं ब्राउनिंगचं खिशातलं पिस्तूल पुन्हा बनवावं का?

समजा, जिंतूरच्या एखाद्या व्यापाऱ्याला स्वतःच्या संरक्षणासाठी पिस्तूल घ्यायचंय. काय करावं लागेल? अर्ज परभणीला जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणार, पोलीस चौकशी करून अहवाल देणार आणि लायसन्स मिळालंच तर दुकानदार त्याच्यापुढे बहुतेक वेळा .32 बोअरचं पिस्तूल ठेवणार. 9 एमएम मागितलं तरी मिळणार नाही, कारण ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं.

आता हे .32 आलं कुठून?

तर सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका आडगावच्या कारागिराने ही गोळी आणि ती झाडणारं पिस्तूल तयार केलं. त्याचं नाव जॉन मोझेस ब्राउनिंग. त्याची खिशात मावणारी ती जुनी पिस्तुलं कधीच बंद पडली. पण बंदुकांच्या शौकिनांमध्ये एक वाद अधूनमधून निघतोच, की ही पिस्तुलं पुन्हा बनवायला हवीत का?

या वादात पडण्याआधी हा ब्राउनिंग कोण होता ते बघू.

1855 साली अमेरिकेच्या युटा भागातल्या ऑग्डेन गावात त्याचा जन्म झाला. वडील जोनाथन हे बंदुका बनवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर. कुटुंब मॉर्मन पंथाचं. वडिलांच्या तीन बायका आणि 22 मुलं. एवढ्या खटल्यात जॉनचं बालपण गेलं ते वडिलांच्या दुकानातच. मोडक्या बंदुका, घासकानस, भाता हीच त्याची खेळणी. मिसरूड फुटायच्या आधीच त्याने भंगारातल्या तुकड्यांतून स्वतःची पहिली बंदूक जोडली होती.

1879 हे वर्ष त्याच्यासाठी मोठं ठरलं. त्याच वर्षी वडील गेले, त्याच वर्षी लग्न झालं आणि त्याच वर्षी पहिलं पेटंट मिळालं. ते होतं एकेक गोळी भरून झाडायच्या रायफलचं. भावांना हाताशी धरून त्याने गावातच ती रायफल बनवायला घेतली. त्यातली एक फिरत फिरत विंचेस्टर या बड्या कंपनीच्या हाती लागली. कंपनीचा मोठा अधिकारी 1883 मध्ये थेट ऑग्डेनला येऊन धडकला आणि 8,000 डॉलर मोजून त्याने हक्क विकत घेतले.

पुढची जवळपास 19 वर्षं ब्राउनिंग डिझाइन करायचा आणि विंचेस्टर विकत घ्यायची. गंमत म्हणजे यातली कित्येक डिझाइन्स कंपनीने कधी बनवलीच नाहीत. ती दुसऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून घेऊन ठेवली होती. मधली दोन वर्षं तर तो सगळं सोडून पंथाच्या प्रचारासाठी जॉर्जियात गेला होता.

तिथून परतल्यावर 1889 मध्ये एक साधी गोष्ट त्याच्या डोळ्यात भरली. बंदूक झाडली की नळीतून निघणाऱ्या वाऱ्याने आजूबाजूचं गवत आडवं होत होतं. इतरांनी ते हजार वेळा पाहिलं असेल. ब्राउनिंगच्या मनात आलं की ही ताकद फुकट जातेय, तिच्याकडूनच पुढची गोळी भरून घेतली तर? याच विचारातून त्याची मशीनगन जन्माला आली.

मग त्याने हेच डोकं पिस्तुलाला लावलं.

1897 मध्ये बेल्जियमच्या एफएन कंपनीचा माणूस अमेरिकेत आला होता. लिएजजवळच्या एर्स्टालमधला हा कारखाना लष्करी रायफली बनवण्यासाठी उभा राहिलेला आणि आता नव्या कामाच्या शोधात होता. ब्राउनिंगचं छोटं पिस्तूल पाहून कंपनीने लगेच करार केला. 1899 मध्ये त्याची गोळी आली, 7.65 मिलिमीटरची. यालाच आपण .32 म्हणतो. पाठोपाठ आलेलं मॉडेल 1900 हे पिस्तूल सात लाखांच्या आसपास खपलं. फ्रेंच भाषेत तर ब्राउनिंग हा शब्दच पिस्तुलाला पर्याय होऊन बसला.

त्याची करामत समजायला सोपी आहे. गोळी पुढे जाते तेव्हा मागे धक्का बसतो. या धक्क्याने पिस्तुलाचा वरचा भाग, म्हणजे स्लाइड, मागे सरकते, रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना नवी गोळी नळीत ढकलते. गोळी कमी ताकदीची असल्याने नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवायची भानगडच नाही. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग पुरेसं होतं. भाग कमी, वजन कमी, जाडी कमी. थेट कोटाच्या खिशात.

युरोपात एफएन आणि अमेरिकेत कोल्ट अशी त्याने बाजाराची वाटणी केली. कोल्टने 1903 मध्ये पॉकेट हॅमरलेस काढलं. नावात हॅमरलेस असलं तरी घोडा असतो, फक्त तो स्लाइडच्या आत लपवलेला. खिशातून काढताना कापडात अडकू नये हा हेतू. 1945 पर्यंत ही पिस्तुलं साडेपाच लाखांहून जास्त बनली आणि अमेरिकेच्या लष्करी जनरलनाही दिली गेली.

आता या गोष्टीत आपण येतो.

1909 मध्ये सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीनच्या हाती 20 ब्राउनिंग पिस्तुलं मुंबईला धाडली. त्यातलंच एक पोहोचलं अनंत कान्हेरेकडे. हा पोरगा औरंगाबादला मामाकडे राहून शिकला होता. म्हणजे निजामाच्या त्याच राज्यात, ज्यात तेव्हा जिंतूरही होतं. 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सनच्या निरोपासाठी शारदा नाटकाचा प्रयोग ठेवला होता. तिथेच कान्हेरेने जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. 19 एप्रिल 1910 ला कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पिस्तुलाचा माग लंडनपर्यंत गेला आणि सावरकरांवरच्या खटल्यात तो मोठा पुरावा ठरला.

1931 मध्ये अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये चंद्रशेखर आझाद शेवटपर्यंत लढले ते कोल्टच्या याच 1903 मॉडेलच्या पिस्तुलाने. आज ते तिथल्या संग्रहालयात आहे.

आणि 28 जून 1914 ला साराजेव्होत गॅव्ह्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारलं, ते पिस्तूल होतं एफएनचं मॉडेल 1910. डिझाइन अर्थातच ब्राउनिंगचं. त्यानंतर महिनाभरात पहिलं महायुद्ध पेटलं.

ब्राउनिंग मात्र आपल्या कामात गढलेला. 1902 मध्ये ऑटोमॅटिक शॉटगनच्या रॉयल्टीवरून त्याचं विंचेस्टरशी फाटलं होतं. तो रेमिंग्टनच्या अध्यक्षांना भेटायला गेला, तर त्याच दिवशी ते वारले. शेवटी ती शॉटगनही एफएननेच बनवली. 1911 मध्ये त्याच्या .45 पिस्तुलाने चाचणीत 6,000 गोळ्या एकदाही न अडकता झाडल्या आणि अमेरिकन सैन्याने ते स्वीकारलं. 128 पेटंटं त्याच्या नावावर जमा झाली.

26 नोव्हेंबर 1926 ला एर्स्टालच्या कारखान्यातच हृदय बंद पडून तो गेला. हातातलं अर्धवट 9 एमएम पिस्तूल पुढे कंपनीच्या ड्यूडोने सेव्हने पूर्ण केलं. तेच 1935 चं हाय पॉवर. भारतात ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत आपल्या सैन्यासाठी आणि पोलिसांसाठी बनलेलं 9 एमएम पिस्तूल म्हणजे याच हाय पॉवरचा अवतार.

आता मूळ प्रश्न. ही खिशातली पिस्तुलं पुन्हा बनवावीत का?

कायद्याने डिझाइनची अडचण नाही. पेटंटं कधीच संपलीत. उदाहरणंही आहेत. अमेरिकेत 2015 च्या सुमारास कोल्ट 1903 परवान्याने पुन्हा बनवलं गेलं. भारतातही वेब्ली अँड स्कॉट या जुन्या ब्रिटिश कंपनीचं .32 चं रिव्हॉल्व्हर उत्तर प्रदेशात बनवायला सुरुवात झाली.

आपल्याकडे मागणीचं एक खास कारण आहे. 1980 च्या दशकात सामान्य लोकांसाठी परदेशी बंदुकांची आयात बंद झाली. त्यामुळे आजोबांच्या काळातलं विदेशी पिस्तूल लाखोंच्या भावाने हातोहात जातं. तेच इथे नव्याने बनलं तर हा भाव उतरेल आणि झिजलेली जुनी पिस्तुलं वापरण्याचा धोकाही टळेल, असं बनवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं. यात तथ्य आहे.

पण दुसरी बाजू जास्त वजनदार वाटते. 1903 च्या पिस्तुलात पहिल्या झटक्यात गोळी सुटायची तर आतला घोडा ताणलेलाच ठेवावा लागतो. पिस्तूल हातातून पडलं तरी गोळी सुटू नये म्हणून आज जी आतली कुलपं असतात, ती त्या काळी नव्हती. ती घालायची तर डिझाइन बदलावं लागणार. एफएनने काही वर्षं बंद ठेवलेलं हाय पॉवर 2022 मध्ये परत आणलं तेव्हा नाव जुनं ठेवलं, पण आतलं पिस्तूल बरंचसं नवं केलं. म्हणजे जसंच्या तसं बनवलं तर धोका, आणि सुधारून बनवलं तर ते ब्राउनिंगचं राहत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या पिस्तुलाचा सगळा गुण लपण्यात आहे. 1909 मध्ये ते 20 पिस्तुलांचं पार्सल सात समुद्र ओलांडून गुपचूप पोहोचू शकलं ते त्यामुळेच. तेव्हा समोर परकं सरकार होतं. आज तीच सोय भाऊबंदकी, उधारी आणि गल्लीतल्या भांडणात कामी येणार.

त्यामुळे संग्रहालयासाठी, सिनेमासाठी न झडणाऱ्या हुबेहूब प्रती जरूर बनवाव्यात. नाशिकच्या किंवा जिंतूरच्या शाळकरी पोराला कान्हेरेच्या हातात नेमकं काय होतं ते दिसलं पाहिजे. गोळी झाडणारं पिस्तूल मात्र ब्राउनिंगच्या काळातच राहिलेलं बरं.