जगभर जिच्या नावाने भविष्याचे पत्ते विकले जातात, तिने ते बनवलेच नव्हते

भविष्य सांगणारे जुने पत्ते गोळा करण्याचा छंद अनेकांना असतो. या संग्राहकांकडे एक नाव हमखास सापडतं, लेनोर्मां. डब्यावर नाव, आत 36 पत्ते. घोडेस्वार, जहाज, साप, शवपेटी, नांगर अशी चित्रं. बघणाऱ्याला वाटतं, हे पत्ते या बाईनेच काढले असणार.

पण तसं नाहीये. मग ही बाई होती तरी कोण?

मारी ॲन लेनोर्मां. जन्म 1772 चा, फ्रान्समधल्या नॉर्मंडी भागातल्या आलाँसाँ गावातला. आई-वडील लहानपणीच गेले. शिक्षण ननच्या मठात झालं. पुढे तिने पॅरिस गाठलं.

तेव्हा फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचे दिवस होते. आज सत्तेत असलेला माणूस उद्या गिलोटिनखाली जाईल, अशी परिस्थिती. उद्या काय होणार, हा प्रश्न प्रत्येकालाच पडलेला. अशा काळात भविष्य सांगणाऱ्याकडे रांग लागणारच.

पॅरिसच्या र्यू द तुर्नों या रस्त्यावर तिने बस्तान बसवलं. कागदोपत्री ती पुस्तकविक्रेती होती, पण लोक यायचे ते भविष्य ऐकायला. तिच्याकडे आलेल्यांमध्ये रोबेस्पिएरचं नाव घेतलं जातं. नेपोलियनची पहिली बायको जोसेफिन तर तिची सगळ्यात गाजलेली गिऱ्हाईक.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. यातले बरेच किस्से खुद्द लेनोर्मांनेच आपल्या पुस्तकांत लिहून ठेवलेत. तेही घटना घडून गेल्यावर. त्यामुळे ते किती खरे मानायचे, हा प्रश्न उरतोच. पण पुस्तकं खपली आणि नाव आणखी मोठं झालं. 1820 मध्ये तर तिने जोसेफिनच्या गुप्त आठवणी म्हणून पुस्तक काढलं.

नाव झालं तसा त्रासही झाला. 1809 मध्ये नेपोलियनच्या पोलिसांनी तिला काही दिवस कोठडीत ठेवलं. 1821 मध्ये तिकडे ब्रुसेल्समध्येही अटक झाली. प्रत्येक वेळी बाहेर आल्यावर तिने त्या अटकेवरच पुस्तक लिहिलं! आजच्या भाषेत सांगायचं तर प्रसिद्धी कशी करायची, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

25 जून 1843 ला ती गेली. पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत तिला पुरलं. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे मोठी संपत्ती सैन्यात असलेल्या भाच्याकडे गेली. तो कट्टर कॅथलिक होता. त्याने पैसे ठेवले आणि भविष्याचं सगळं सामान जाळून टाकलं, असं सांगितलं जातं.

आणि खरा धंदा इथून पुढे सुरू झाला.

ती गेल्यावर दोनेक वर्षांतच फ्रान्समध्ये तिच्या नावाने 54 पत्त्यांचा मोठा संच आला. मग जर्मनीत 36 पत्त्यांचा छोटा संच निघाला. हा छोटा संच आला कुठून? तर जर्मनीतल्याच न्यूरेंबर्ग शहरातून. तिथे योहान कास्पर हेख्टेल नावाच्या माणसाने 1799 च्या सुमारास 'आशेचा खेळ' तयार केला होता. 36 पत्ते सहा ओळींत मांडायचे, फासे टाकायचे आणि सोंगटी पुढे न्यायची. थोडक्यात आपल्या सापशिडीसारखंच. 35 व्या घरात नांगर, तिथे जो पोहोचेल तो जिंकला.

म्हणजे घरात बसून खेळायच्या खेळाची चित्रं उचलली आणि त्यावर गाजलेल्या बाईचं नाव लावलं. आशेचा खेळ विकून जेवढी कमाई झाली नसती, तेवढी त्या नावाने करून दिली.

या जुन्या खेळाची एक प्रत लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ती समोर आल्यामुळेच 20 व्या शतकात अभ्यासकांना हा धागा जुळवता आला.

त्यामुळे कुणी 'खुद्द लेनोर्मांने वापरलेल्या पत्त्यांचा संच' म्हणून 36 पत्ते दुप्पट किमतीला विकायला काढले, तर पाकिटाला हात घालण्याआधी थांबा. तिच्या नावाचे पत्ते बाजारात आले, तेव्हा ती या जगातच नव्हती.