शांताबाई आपटे : पडद्यावरची आणि फाटकाबाहेरची

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या कर्तृत्ववान स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एखादी समाजसेविका किंवा संत कवयित्री असावी. मी मात्र एका नटीचे नाव सुचवले. त्या क्षणभर थांबल्या, मग हसून हो म्हणाल्या. त्या क्षणभराच्या थांबण्यापासूनच हा लेख सुरू करते, कारण शांता आपटे यांना जन्मभर लोकांचे हे थांबणे सोसावे लागले.

शांताबाईंचा जन्म १९१६ सालचा, सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा. घरात गाण्याची आवड होती. गाण्याचे शिक्षण पंढरपुरात झाले, आणि पुढे त्या पुण्याच्या गणेशोत्सवांत गाऊ लागल्या. थोरले बंधू बाबुराव त्यांची सारी व्यवस्था पाहत. १९३२ साली भालजी पेंढारकरांनी 'श्यामसुंदर' बोलपटात त्यांना राधेची भूमिका दिली, कृष्ण होते शाहू मोडक. बोलपटांचे ते अगदी पहिले दिवस. उसन्या गळ्याची सोय अजून यायची होती. नटीला कॅमेऱ्यासमोर स्वतःच गावे लागे, म्हणजे सूर सांभाळायचा, चेहरा सांभाळायचा आणि ध्वनिग्राहकापासून दूरही जायचे नाही. त्यामुळे बहुतेक मंडळी खांबासारखी उभी राहून गात. शांताबाई गाताना डोळ्यांनी, हातांनी, मान वेळावून बोलत, आणि लोकांना ते फार आवडले.

१९३४ साली त्या प्रभात कंपनीच्या 'अमृतमंथन'मध्ये आल्या. मग 'अमरज्योती' आला. त्यात दुर्गाबाई खोटे मुख्य भूमिकेत होत्या, पण नाव शांताबाईंचेही झाले. आणि १९३७ साली आला 'कुंकू'.

'कुंकू'ची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक असेल. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांतारामबापूंनी तो काढला. मामाने फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लावून दिलेली पोरकी नीरा. केशवराव दाते त्या वकिलाच्या कामात. नीरा रडत बसत नाही, पळूनही जात नाही. त्याच घरात राहून ती म्हाताऱ्याला नवरा मानायचे नाकारते, आणि अंगचटीला येणाऱ्या थोराड सावत्र मुलाला छडीने फोडून काढते. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. शांताबाईंचे गाणे ऐकू येते ते घरातल्या ग्रामोफोनच्या किंवा हाताशी असेल त्या वस्तूच्या साथीने. लाँगफेलोची एक इंग्रजी कवितासुद्धा त्यांनी त्यात गायिली आहे.

माझ्या आईने तो बारा वर्षांची असताना, आजीबरोबर पाहिला. बायकांच्या बाजूला सगळ्या पदराने डोळे पुसत होत्या, असे ती सांगे. आजीच्या लग्नातही वयाचे अंतर बरेच होते. घरी येईपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही म्हणे.

पण याच आजीचे पुढचे मतही आईकडूनच ऐकलेले. १९३९ च्या जुलै महिन्यात शांताबाई प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. भांडण करारनाम्याचे होते. त्या काळी नटनट्या कंपनीच्या मासिक पगारी नोकर असत. करार संपेपर्यंत दुसरीकडे काम करायची मुभा नाही, आणि कराराचा अर्थ कंपनी लावील तो. एवढे नाव झालेली बाई, वय अवघे तेवीस, आणि ती सर्वांदेखत उपाशी बसली. पडद्यावरच्या नीरेसाठी डोळे पुसणारी आमची आजी तेव्हा म्हणाली की चांगल्या घरच्या बाईने असे चव्हाट्यावर बसू नये.

आजीला हसावे तर माझीही तीच गत. मी तीस वर्षे नोकरी केली. एकदा हक्काची रजा घेऊनही पगार कापला गेला, आणि मी गप्प राहिले. का गप्प राहिलात, असे मला कोणी विचारले नाही. शांताबाईंना मात्र का बसलात, हे सगळ्यांनी विचारले.

त्याचे उत्तर त्यांनी एक प्रकारे पुस्तकातच दिले. १९४० साली त्यांचे 'जाऊ मी सिनेमात?' प्रसिद्ध झाले. चित्रपटाच्या धंद्यात यायची हौस असलेल्या मुलींना झगमगाटामागचे कष्ट, पैशाचे व्यवहार आणि काम करणाऱ्यांची पिळवणूक कशी असते, ते त्यांनी त्यात सांगितले. नटी स्वतःकडे कामकरी बाई म्हणून पाहते, ही गोष्ट तेव्हा नवी होती. माझ्या मते त्यांच्या चित्रपटांइतकेच हे पुस्तकही मोलाचे आहे.

प्रभात सुटल्यावर त्या एका जागी राहिल्या नाहीत. १९४१ च्या 'सावित्री' या तमिळ चित्रपटासाठी तमिळ शिकून त्यांनी सावित्रीचे काम केले. त्यात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद झाल्या होत्या! १९४२ साली लाहोरच्या पांचोलींचा 'जमीनदार', १९४६ साली मास्टर विनायकांचा 'सुभद्रा'. 'सुभद्रा'त त्यांच्याबरोबर एक गाणे गायिले ते कोवळ्या लता मंगेशकरांनी. पुढे उसन्या गळ्याचीच रीत पडली, आणि गाता येते म्हणून नटी व्हायचे दिवस सरले. १९४९ चा 'स्वयंसिद्धा' गाजला. त्यानंतरचे चित्रपट मोजकेच, आणि त्यांतले बरेच आज कोणाला आठवतही नाहीत.

२४ फेब्रुवारी १९६४ रोजी, काही महिन्यांच्या आजारानंतर, अंधेरीत त्या वारल्या. पन्नाशीही गाठली नव्हती. ज्या प्रभातच्या फाटकाशी त्या बसल्या होत्या, त्या आवारात १९६० सालापासून सरकारची चित्रपट संस्था आहे आणि तिथे मुली कॅमेरा चालवायला शिकतात.

'कुंकू'ची तबकडी आमच्या घरी आहे. श्रावणातल्या एखाद्या मंगळवारी दुपारी सवड असेल त्यांनी यावे. आजीची गोष्ट तेव्हा आणखी सांगेन.