भूगर्भाची नाडी ओळखणारा ओल्डहॅम

चाकणच्या एखाद्या फोर्जिंग कारखान्यात तपासनीस पोलादी दांड्यावर ग्रीस चोपडतो, त्यावर लहानसा प्रोब टेकवतो आणि पडद्यावरची रेषा न्याहाळतो. पोलादातून सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने निघालेली लहर आत चीर असल्यास वाटेतूनच माघारी फिरते. वेल्डचा जोड तपासताना तोच माणूस तिरका प्रोब घेतो. तेथे कणांना आडवे हलविणारी, जवळपास निम्म्या वेगाची दुसरी लहर उपयोगी पडते. घन पदार्थात अशा दोन जातींच्या लहरी असतात, हे गणितज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सांगितले होते. पृथ्वीच्या पोटातूनही त्या वेगवेगळ्या पोचतात हे भूकंपाच्या नोंदींतून स्पष्टपणे दाखविणारा मनुष्य मात्र आपल्याच देशात नोकरीस होता, याची आठवण या पट्ट्यात क्वचितच निघते.

रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांचा जन्म डब्लिनचा, ३१ जुलै १८५८ चा. वडील थॉमस हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे पहिले प्रमुख. १८६९ च्या काछाड भूकंपावरील त्यांचा प्रबंध अप्रकाशित असतानाच १८७८ साली ते निवर्तले. पुढच्या वर्षी खात्यात दाखल झालेल्या पुत्राने तो संपादून प्रसिद्ध केला. भारतीय भूशास्त्राच्या प्रमाणग्रंथाची १८९३ ची सुधारित आवृत्तीही, दख्खनच्या लाव्हाथरांच्या वर्णनासह, त्यांच्याच हातची.

१२ जून १८९७ रोजी आसाम हादरला. शिलाँगची दगडी घरे भुईसपाट झाली. पाहणी करताना ओल्डहॅम यांना असे धोंडे आढळले की, जे आपल्या खोबणीतून, कडांना धक्काही न लावता, बाहेर फेकले गेले होते. जमिनीचा हिसका गुरुत्वाकर्षणाहून प्रबळ होता, असा निष्कर्ष त्यांनी काढला. परंतु खरे धन युरोपात, विशेषतः इटलीत, उपकरणांनी रेखाटलेल्या वेड्यावाकड्या रेषांत होते. त्या गुंत्यातून त्यांनी प्रथम येणारी प्राथमिक लहर, मागाहूनची दुय्यम लहर आणि शेवटी भूपृष्ठावरून रेंगाळत येणारी लहर अशा तिघी वेगळ्या केल्या. १८९९ चा अहवाल आणि १९०० चा निबंध यांत हे आले.

प्रकृतीमुळे १९०३ साली त्यांनी सेवा सोडली. निवृत्तीने माणूस संपतो असे मानणाऱ्यांनी पुढचे पाहावे. १९०६ साली, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूस लहरी अपेक्षेहून उशिरा पोचतात, यावरून मध्यभागी निराळ्या द्रव्याचा गाभा असला पाहिजे, असे त्यांनी मांडले. त्याचा आकार त्यांनी कमी धरला होता. गाभ्याची सीमा सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर असल्याचे पुढे गुटेनबर्ग यांनी ठरविले. १५ जुलै १९३६ रोजी वेल्समध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी डेन्मार्कच्या इंगे लेहमान यांनी गाभ्याच्या आत आणखी एक गाभा असल्याचे दाखविले.

आता आपल्या पायाखालचे. पवना-इंद्रायणीच्या काठी कोठे गाळ, कोठे काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळ्या खडकाचे थर. कठीण खडकातून मऊ थरात शिरणारी लहर मंदावते, आणि मंदावताना तिचा झोका वाढतो. १९८५ साली साडेतीनशे किलोमीटरहून दूरच्या भूकंपाने जुन्या तळ्याच्या चिखलावर वसलेले मेक्सिको शहर कसे उद्ध्वस्त झाले, हे जगाने पाहिले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे हादरलेले कोयनानगर पिंपरीपासून दीडशे किलोमीटरच्या आत आहे. आपल्याकडे तळ्याचा चिखल नाही हे खरे. पण कोणत्या भूखंडाखाली किती मऊ थर आहे, हे अंदाजाने ठरविण्याचे कारण नाही. लोखंडी पट्टीवर घणाचा ठोका द्यावा, जमिनीवर ओळीने मांडलेल्या संवेदकांपर्यंत लहर किती वेळात पोचते ते मोजावे, इतके हे काम सुटसुटीत आहे. उत्तुंग इमारतीच्या परवानगीबरोबर महानगरपालिकेने त्या वेगांचा तक्ता मागावा, आणि सदनिका घेणाऱ्याला तो पाहावयास मिळावा. मोटारीच्या आसाला ज्या गावात लहरींची परीक्षा द्यावी लागते, तेथे तीस मजल्यांच्या पायाला ती माफ का असावी?