समर्थ रामदास : जांबेहून सज्जनगडापर्यंत

साहस म्हटलें कीं आपल्यापुढें बहुधा परदेशचीं चित्रें उभीं राहतात. अमेरिकेच्या घनदाट रानांतून १७७५ सालीं केंटकीची वाट पाडणारा डॅनियल बून याच्या गोष्टी आपण आवडीनें वाचतों; आणि अशीं माणसें दूरदेशींच जन्मास येतात, असा आपला समज होऊन बसतो. परंतु बूनच्या जन्मापूर्वीं सव्वाशें वर्षें आपल्या मराठवाड्यांतील एका खेड्यांत एक मुलगा जन्मला. त्यानें बाराव्या वर्षीं घर सोडलें, ऐन तारुण्याचीं बारा वर्षें देश पायाखालीं घातला, पुढें सह्याद्रीच्या घळींत वस्ती केली, आणि आयुष्याची अखेर एका डोंगरी किल्ल्यावर घालविली. समर्थ रामदास या नांवानें जग ज्यांस ओळखतें, त्यांचें हें चरित्र आहे.

जांब हें गांव जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत, गोदावरीच्या उत्तरेस आहे. जालना जिल्हा १९८१ सालीं निराळा झाला; त्यापूर्वीं हा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे. समर्थांच्या नांवावरून गांवास आतां जांब समर्थ असेंच म्हणतात. येथील सूर्याजीपंत ठोसर यांच्या घरीं शके १५३० च्या चैत्र शुद्ध नवमीस, म्हणजे इ. स. १६०८ सालच्या रामनवमीस, दुसरा मुलगा झाला. त्याचें नांव नारायण. मातोश्रींचें नांव राणूबाई. वडील बंधु गंगाधर नारायणाहून तीन वर्षांनीं मोठे. त्यांस पुढें श्रेष्ठ म्हणूं लागले. नारायण सात वर्षांचा असतां वडील वारले, आणि दोन मुलांचा भार एकट्या राणूबाईंवर पडला.

नारायण अंगानें चपळ व स्वभावानें हूड होता, परंतु मधूनच तो अगदीं गप्प होऊन जाई. एकदां तो दिवसभर कोणास दिसला नाहीं. आई शोधीत आली, तों तो घरांतील एका अंधाऱ्या कोपऱ्यांत बसलेला. काय करीत होतास असें तिनें विचारतां, आपण जगाची काळजी वाहत होतों, असें त्यानें उत्तर दिलें, अशी आख्यायिका आहे. मुलाचें मन संसाराकडे वळावें म्हणून त्या काळच्या रीतीप्रमाणें आईनें बाराव्या वर्षींच त्याचें लग्न ठरविलें. आसनगांवीं मांडव पडला, वऱ्हाडी जमले, अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकांत भटजी वारंवार सावधान म्हणतात. आपण सर्वांनीं तो शब्द लग्नांत शेंकडों वेळां ऐकला असेल. नारायणानें मात्र तो स्वतःस उद्देशून आहे असें मानलें, आणि भरल्या मांडवांतून तो निघून गेला. त्या दिवशीं राणूबाईंच्या घरांतून जो मुलगा गेला, तो तिला पुन्हां दिसावयास चोवीस वर्षें लागलीं.

नारायण पश्चिमेस, गोदावरीच्या वरच्या अंगास, नाशिक येथें पोंचला. गांवाजवळच टाकळी येथें नंदिनी व गोदावरी या नद्यांचा संगम आहे. तेथें त्यानें बारा वर्षें तप केलें. पहांटे उठून नदींत उतरावें, माध्यान्हापर्यंत पाण्यांत उभें राहून जप करावा, मग पंचवटींत माधुकरी मागावी, आणि उरलेला वेळ वाचन, लेखन व अभ्यास यांत घालवावा, असा त्याचा नेम असे. नित्य सूर्यनमस्कार घालून त्यानें शरीरही बळकट केलें, असें परंपरा सांगते. वाल्मीकिरामायणाची सबंध प्रत त्यांनीं आपल्या हातानें लिहून काढली. ती धुळें येथील समर्थ वाग्देवता मंदिरांत जतन करून ठेविली आहे. पळून गेलेल्या मुलाविषयीं लोक पुष्कळदां एवढेंच सांगतात कीं तो पळाला. पळाल्यानंतर त्यानें बारा वर्षें एका जागीं राहून एक नेम मोडला नाहीं, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं अधिक लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

१६३२ च्या सुमारास चोवीस वर्षांचे रामदास टाकळीहून यात्रेस निघाले. आगगाडी नाहीं, सडका नाहींत, वाटेवर चोरांचें व श्वापदांचें भय, आणि जवळ झोळी व कुबडी यांखेरीज कांहीं नाहीं, अशा स्थितींत ते काशी, अयोध्या, मथुरा, द्वारका, बदरीनारायण, रामेश्वर अशीं क्षेत्रें हिंडले. हा प्रवास बारा वर्षें चालला. त्या काळीं देशाची अवस्था फार वाईट होती. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खन व गुजराथ यांवर भयंकर दुष्काळ पडला होता. गांवें ओस पडलीं, गुरें मेलीं, माणसें अन्नासाठीं देशोधडीस लागलीं. त्यांतच मोंगलांच्या स्वाऱ्या चालू होत्या, व १६३६ त अहमदनगरची निजामशाही बुडाली. हे हाल रामदासांनीं चालतां चालतां स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिले, आणि पुढें आपल्या कवितेंत ते वर्णिलेही आहेत. तीर्थें पाहण्यास निघालेला हा तरुण लोकांचें दुःख पाहून परत आला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

यात्रा संपवून ते गोदावरीच्या कांठीं पैठणास आले आणि तेथून जांबेस गेले. त्या भेटीची कथा महाराष्ट्रांत घरोघर सांगितली जाते. दाराशीं एक गोसावी भिक्षेसाठीं उभा राहिला. घरांतील वृद्ध माता पुत्रशोकानें रडून रडून आंधळी झाली होती. तिनें आवाजावरून आपला नारायण ओळखला. दाढी व जटा वाढलेल्या छत्तीस वर्षांच्या पुरुषाच्या तोंडावरून तिनें हात फिरविला. तिची दृष्टि त्या वेळीं परत आली असें भाविक सांगतात. ती कथा ज्यानें त्यानें आपल्या श्रद्धेप्रमाणें घ्यावी. परंतु चोवीस वर्षें एका आईनें वाट पाहिली, ही गोष्ट मानण्यास श्रद्धेचीही गरज नाहीं. रामदास कांहीं काळ तिच्याजवळ राहिले, त्यांनीं तिचें समाधान केलें, आणि तिची अनुज्ञा घेऊन ते पुन्हां निघाले. पहिल्या वेळीं ते न सांगतां गेले होते. या वेळीं सांगून गेले. पुढें शके १५७७ त मातोश्रींच्या अंतकाळीं ते जांबेस हजर होते, असें चरित्रकार लिहितात.

जांबेहून रामदास दक्षिणेस कृष्णेच्या खोऱ्यांत उतरले. येथून त्यांच्या आयुष्याचा दुसरा भाग सुरू झाला. आजवर ते एकटे हिंडत होते. आतां त्यांनीं माणसें जोडण्यास आरंभ केला. मसूर येथें रामनवमीचा उत्सव सुरू केला; १६४८ च्या सुमारास चाफळ येथें रामाचें देऊळ उभें केलें. शहापूर, मसूर, उंब्रज, माजगांव, बत्तीस शिराळें, बहें, मनपाडळें, पारगांव अशा गांवीं मारुतीचीं देवळें स्थापिलीं. सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत पसरलेले हे अकरा मारुति आजही प्रसिद्ध आहेत. गांवच्या तरुणांनीं जमावें, शरीर कमवावें, भित्रेपणा टाकावा, हा त्यांतील हेतु होता. जागोजागीं मठ स्थापून तेथें त्यांनीं आपले शिष्य नेमिले. टाकळीस उद्धव, दूर तंजावरास भीमस्वामी. आणि मिरजेच्या मठावर तर त्यांनीं वेणाबाईंस नेमिलें. बालविधवा स्त्रीनें चारचौघांत उभें राहून कीर्तन करावें, ही गोष्ट त्या काळीं कोणाच्या स्वप्नांतही नव्हती. समर्थांनीं ती घडवून आणली. ज्यास रानांतली वाट काढण्याचें भय नाहीं, त्यास रूढींतून वाट काढण्याचेंही भय वाटत नाहीं, हेंच यावरून दिसतें.

इतकें असूनही त्यांचें स्वतःचें मन वस्तींत रमत नसे. सह्याद्रीच्या कड्याकपारींत ज्या मोठमोठ्या नैसर्गिक गुहा असतात त्यांस घळ म्हणतात. समर्थ अशा घळींत महिनेच्या महिने राहत. महाडच्या बाजूस शिवथरची घळ आहे. पावसाळ्यांत तिच्या तोंडावरून धबधबा कोसळतो. याच घळींत त्यांनीं आपला दासबोध हा ग्रंथ सांगितला व कल्याणस्वामींनीं तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. ग्रंथाचे वीस दशक असून प्रत्येकांत दहा समास आहेत. ही घळ लोकांच्या विस्मृतींत गेली होती. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं ती १९३० सालीं पुन्हां शोधून काढली.

या ग्रंथाविषयीं एक गोष्ट वाचकांनीं विचारांत घ्यावी. गुहेंत राहणाऱ्या संन्यस्त वृत्तीच्या पुरुषानें लिहिलेलें हें पुस्तक माणसानें घरदार सोडून रानांत जावें असें सांगत नाहीं. सुंदर अक्षर कसें काढावें, पाऊस पाहून प्रवास कसा करावा, सभेंत कसें बोलावें, आळस कसा झाडावा, येथपर्यंत तें शिकवितें; आणि संसार टाकून परमार्थ करूं पाहणारास बजावितें कीं, अगोदर आपला संसार नीट करावा, मग परमार्थाचा विचार करावा. जो स्वतः लग्नाच्या मांडवांतून निघून गेला, त्यानें इतरांस असें सांगावें, हें प्रथम विपरीत वाटतें. परंतु त्यांत विसंगति नाहीं. घर सोडण्याची किंमत काय असते, तें ज्यानें आईच्या डोळ्यांत पाहिलें, त्यासच हा उपदेश करण्याचा अधिकार होता. श्रेष्ठ बंधूंनीं जांबेस राहून आई व घर सांभाळलें, म्हणून धाकट्यास जगाची काळजी वाहतां आली, हेंही विसरतां येत नाहीं.

साताऱ्याच्या नैर्ऋत्येस उरमोडी नदीच्या खोऱ्यांत परळीचा किल्ला आहे. शिवाजीमहाराजांनीं तो १६७३ त आदिलशाहीकडून घेतला. समर्थांची व महाराजांची पहिली भेट केव्हां झाली याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहे. कोणी १६४९ हें साल धरतात, कोणी १६७२. महाराजांच्या विनंतीवरून १६७६ त समर्थ या किल्ल्यावर राहावयास आले, आणि किल्ल्याचें नांव सज्जनगड झालें. घराबाहेर पडून त्यांस छप्पन्न वर्षें झालीं होतीं. अडुसष्टाव्या वर्षीं हा यात्रिक एका ठिकाणीं स्थिर झाला.

गडावरून चहूंकडे सह्याद्रीच्या रांगा दिसतात. म्हातारपणीं समर्थ तेथें उभे राहत असतील, तेव्हां पूर्वींच्या कोणकोणत्या वाटा त्यांच्या डोळ्यांपुढें येत असतील! परंतु मागील पराक्रमाच्या गोष्टी सांगत बसण्याइतकी उसंत त्या दिवसांनीं त्यांस दिली नाहीं. १६७७ त श्रेष्ठ वारले, व जांबेचा शेवटचा धागा तुटला. १६७८ त वेणाबाईंनीं गडावरच देह ठेविला. त्याच वर्षीं महाराजांनीं युवराज संभाजीराजांस सज्जनगडावर राहण्यास पाठविलें. परंतु डिसेंबरांत ते तेथून निघून मोंगल सरदार दिलेरखानास जाऊन मिळाले, व सुमारें एका वर्षानें परत आले. आणि १६८० च्या एप्रिलांत रायगडावर शिवाजीमहाराज निवर्तले.

बहात्तर वर्षांच्या वृद्धास हा आघात लहान नव्हता. आयुष्यभर जें पाहण्याची इच्छा धरली तें राज्य डोळ्यांदेखत उभें राहिलें, आणि डोळ्यांदेखतच तें पोरकें झालें. दरबारांत फूट पडली होती; औरंगजेब दक्षिणेंत उतरण्याच्या बेतांत होता. अशा वेळीं समर्थांनीं संभाजीराजांस एक पत्र लिहिलें. तें काव्यरूप पत्र प्रसिद्धच आहे. मागील अपराध पोटांत घालावे, माणसें तोडूं नयेत, सर्वांस एकत्र करावें, रागास आवर घालावा, आणि थोरल्या महाराजांची आठवण धरून कार्य पुढें न्यावें, असा त्याचा आशय आहे. आपल्या साहसाची एकही कथा त्यांत नाहीं. ज्यानें सबंध देश पाहिला होता, त्यानें आपल्या सर्व अनुभवांतून तरुणाच्या कामीं येईल तेवढेंच निवडून दिलें.

त्यानंतर समर्थ फार दिवस जगले नाहींत. त्यांच्या इच्छेनुसार तंजावराहून करवून आणलेल्या राम, लक्ष्मण व सीता यांच्या मूर्ति त्यांच्या अखेरच्या दिवसांत गडावर पोंचल्या. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस, म्हणजे इ. स. १६८२ च्या आरंभीं, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं त्यांनीं सज्जनगडावर देह ठेविला. ती तिथि दासनवमी म्हणून पाळली जाते.

विद्यार्थिमित्रांनो, नारायणाचें पळून जाणें अनुकरण करण्याजोगें आहे असें हें चरित्र सांगत नाहीं. मांडवांतून निघून जाण्यास एक क्षण पुरला. परंतु त्या क्षणाचें सार्थक करण्यास त्यांस बारा वर्षें पाण्यांत उभें राहावें लागलें, बारा वर्षें चालावें लागलें, आणि नंतर जवळजवळ चाळीस वर्षें इतरांसाठीं झिजावें लागलें. ती तयारी असेल त्यानेंच साहसाच्या गोष्टी कराव्या. आणि पालकांनींही राणूबाईंकडे पाहावें. कोपऱ्यांत गप्प बसलेलें मूल आळशीच असतें असें नाहीं. कधीं कधीं तें खरोखरच जगाची काळजी वाहत असतें. त्यास पळून जावें न लागतां, सांगून व निरोप घेऊन जातां यावें, एवढी मोकळीक घरांत असली म्हणजे किती तरी आयांचे अश्रु वाचतील.